तर बघू

सोमवार, १ फेब्रुवारी १९९९

या वहीत पुढून घरहिशेब आहे, मागची पानं कोरी आहेत. कोरं पान फुकट घालवायचं नाही, म्हणून वही उलटी धरून मागून लिहायला घेतलं. दुसरं कारण संताप. तो कुठेतरी ठेवायला हवा.

आमच्या टिफनीला आज दहावीच्या पूर्वपरीक्षेचा मराठीचा पेपर मिळाला. शंभरात एकोणसत्तर. पासष्ट पडले असते तर मी गप्प बसले असते. पण एकोणसत्तर म्हणजे उंबऱ्यावर ठेच. नाताळात जेवताना कॉलेजचा विषय निघाला तेव्हा टिफनीचे पप्पा म्हणाले होते, "मराठी मराठी करते ना ती? मराठीला सत्तर पडले तर बघू." पोर त्या दिवसापासून सत्तरच्या मागे आहे.

पेपर मी ओळ न ओळ वाचला. व्याकरणाचा प्रश्न होता. पुढील मिश्र वाक्यातील प्रधान वाक्य लिहा : जर पाहुणे आले तर आई पुरणपोळी करील. टिफनीने लिहिलं, "आई पुरणपोळी करील." त्यावर लाल फुली, आणि खाली सरांच्या अक्षरात बरोबर उत्तर म्हणून लिहिलेलं, "जर पाहुणे आले." दोन गुण गेले.

मी तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. मॅट्रिकला मला मराठीचं पहिलं बक्षीस होतं, ते काही चेहरा बघून दिलं नव्हतं. जर-वाक्य गौण, तर-वाक्य प्रधान. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि शाळेत पगार घेऊन शिकवणारा माणूस उलटं सांगतो.

संध्याकाळी रोझरीची जपमाळ ओढताना मातेला म्हटलं, पोरीचे सत्तर होऊ दे, मग मी बघते तुझ्यासाठी काय करायचं ते.

बाबांनी त्या वर्षी मला ट्रेनिंग कॉलेजचा फॉर्म भरू दिला असता तर

असो. वांगी उतरवायची आहेत.

बुधवार, ३ फेब्रुवारी

सांडोरहून माणिकपूरच्या शाळेत चालत गेले. रिक्षाने गेलं की माणूस पोचतो, पण बोलायचं काय ते ठरवायला वेळ मिळत नाही.

मराठीला दिनानाथ सर आहेत. मूळचे देशावरचे, माणिकपूरला फ्लॅट घेऊन राहिलेत. शिक्षकांच्या खोलीत चार-पाच जण डबे उघडून बसले होते. मी पेपर त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "सर, ही फुली चुकून पडलीय."

त्यांनी पाहिलं आणि हसले. "नाही हो तुस्कानोबाई, बरोबर आहे. मला सांगा, पाहुणे आलेच नाहीत तर पोळी होईल का?"

"नाही."

"मग मुख्य गोष्ट कुठली? पाहुणे. ज्याच्यावर सगळं अवलंबून, ते प्रधान."

मी म्हटलं, "सर, पाहुणे येणार, जेवणार, ढेकर देऊन जाणार. चुलीपुढे उभी कोण?"

एक मॅडम डब्यात तोंड घालून हसल्या. सर हसले नाहीत. म्हणाले, "तो स्वयंपाकघराचा प्रश्न झाला. हा व्याकरणाचा आहे."

"व्याकरणाचंच बोलते. 'आई पुरणपोळी करील' हे एकटं उभं राहतं. 'जर पाहुणे आले' एवढंच म्हणून तुम्ही थांबलात तर मी पुढचं ऐकायला ताटकळत बसेन. जे ताटकळत ठेवतं ते गौण."

इथवर ठीक होतं. मग ते जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहून ठेवते. "बाई, राग मानू नका. तुमच्या वाड्यांकडची मुलं कष्टाळू असतात. पण घरी बोली वेगळी, चर्चमधली भाषा वेगळी. प्रमाण मराठीचं व्याकरण त्यांना जरा जड जातं. त्यात मुलीचा दोष नाही."

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "सर, आमच्या बोलीतही जर-तर आहे. आमच्याकडेही पाहुणे येतात."

उत्तरं छापील नमुन्याप्रमाणे तपासली आहेत, आता बदल होणार नाही, असं ते म्हणाले. येताना अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं की छत्री तिथेच राहिली. उन्हासाठी नेली होती. परत गेले नाही.

चारशे वर्षं आम्ही मराठीत प्रार्थना करतो आहोत. आणि या गृहस्थांचं माणिकपूरला येऊन दशकही झालं नसेल.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

सकाळी पत्र्याची ट्रंक उपसली. नाताळच्या ताऱ्यांखाली, लग्नातल्या ओढणीखाली माझी मॅट्रिकची व्याकरणाची वही सापडली. पुठ्ठा कसरीने खाल्लाय, अक्षर शाबूत. सिस्टर लिडिया आम्हाला मराठी शिकवायच्या. त्यांचं वाक्य मी समासात लिहून ठेवलं होतं : "मुलींनो, जर गिळला तरी चालतो. तर गिळला की वाक्य घशात अडकतं." खरंच आहे. 'पाहुणे आले तर पोळी करील' असं आपण रोज म्हणतो. जर कुणाला लागतो?

पुढे संकेतार्थी वाक्यं. संकेत म्हणजे अट. 'असते तर' आणि 'झाले असते', अशी दोन खणांत मांडलेली पानभर उदाहरणं. डावा खण भरला होता. उजव्या खणात शेवटच्या चार ओळी रिकाम्या. मी तेव्हाही आळशी नव्हते, मग त्या का राहिल्या आठवत नाही.

वही टिफनीच्या दप्तरात घातली. म्हटलं, सरांना दे, खुणेचं पान उघडून दे.

ती म्हणाली, "मम्मी, नको. सर वर्गात बोलतील."

"बोलू देत. चूक त्यांची आहे."

ती बूट घालत होती. खाली मान घालूनच म्हणाली, "सत्तर झाल्यावर पप्पा काय करणार आहेत, ते विचारलंस का तू?"

मी म्हटलं, आधी सत्तर तर होऊ देत. या वयात मुलींना भलत्या वेळी भलते प्रश्न सुचतात.

रविवार, ७ फेब्रुवारी

चर्चमधल्या मिस्साहून येऊन पदर खोचते तोच वाडीच्या तोंडाशी स्कूटर थांबली. दिनानाथ सर. एका हातात माझी छत्री, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी वही. आमचे हे केळीला पाणी लावत होते, ते तिथूनच बघत राहिले.

मी पाट नाही, खुर्ची दिली. शहाळं फोडून दिलं. सरांनी ते प्यायला इतका वेळ लावला की मला कळलं, माणूस शब्द शोधतोय.

"तुस्कानोबाई, तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "शाळेच्या कपाटातलं जुनं व्याकरण काढून बघितलं. छापील उत्तरांत प्रधान आणि गौण हे दोन रकाने उलटे छापलेत. मी सहा वर्षं त्याच्यावरूनच तपासतो आहे."

"सहा वर्षं?"

"सहा. आणि कुणी विचारलंच तर सांगायला कारणही तयार केलं होतं, ते पाहुण्यांचं. चुकीला कारण लगेच सापडतं, बाई."

या वर्षीच्या तीन मुलींना गुण वाढवून दिलेत. टिफनीचे एकाहत्तर झाले. उद्या वर्गात फळ्यावर दुरुस्ती सांगणार आहेत. बोलीबद्दल जे बोलले त्याची माफी मागितली नाही, पण वही परत देताना म्हणाले, "सिस्टरांचं ते वाक्य मी वर्गात सांगितलं तर चालेल ना?" मी म्हटलं, त्यांचं नाव घेऊन सांगा.

मग विचारलं, "तुम्ही कुठे शिकवत होता?"

"कुठे नाही. घरात."

"अरेरे. ट्रेनिंग केलं असतंत तर..." असं म्हणून ते वर माडाच्या झावळ्यांकडे बघत बसले. मराठीचे शिक्षक, आणि तेही वाक्य अर्धं टाकून. मला तेव्हाच चीड आली होती, पण पाहुणे म्हणून सोडून दिलं.

जाताना त्यांना वेलची केळ्यांची एक फणी दिली.

एकाहत्तर. माते, उपकार झाले.

सोमवार, ८ फेब्रुवारी

आज लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

सकाळी यांच्या डब्यात पोळ्या भरताना म्हटलं, "टिफनीचे एकाहत्तर झाले. ऐकलंत ना काल?"

"ऐकलं. छान झालं."

"मग?"

"मग काय?"

"तुम्ही म्हणाला होतात, सत्तर पडले तर बघू."

हे बुटाची लेस बांधत म्हणाले, "हो. बघितलं की."

मला वाटलं थट्टा करतात. थट्टा नव्हती. हे वालीवला पेनाच्या रिफिलींच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. तिथे पॅकिंगला मुली घेतात. मे महिन्यापासून टिफनीला पाठवतो असा यांनी मालकांना शब्द दिलाय. जानेवारीतच. म्हणजे पोर सत्तरसाठी घोकत होती तेव्हा शब्द देऊन झाला होता. मालकाला शब्द, आणि लेकीला 'बघू'.

मी म्हटलं, "तिला विचारलंत?"

"सालोमी, वालीवला दोन गाळ्यांना कुलूप लागलं या महिन्यात. आज जागा आहे. उद्या मलाच काढतील, तिला कुठून घेतील?"

कारण लगेच सापडतं म्हणतात ते हेच. कुणाच्या गाळ्याला कुलूप लागलं म्हणून माझ्या मुलीच्या पुस्तकाला कुलूप?

"आणि कॉलेजला जाऊन काय होणार?" हे म्हणाले. "चार पुस्तकं वाचली की घर लहान वाटायला लागतं." असलं बोलतात. आमचं घर काही लहान नाही, दोन खोल्या आणि ओटी आहे.

हे गेल्यावर मी त्या वाक्याचं सरळ वाक्यपृथक्करण केलं, शाळेत करायचो तसं.

मराठीला सत्तर पडले तर बघू. गौण वाक्य : मराठीला सत्तर पडले. प्रधान वाक्य : बघू. क्रियापद : बघू. कर्ता : लपलेला. कर्म : नाही.

काय बघू? कुणाला बघू? कर्मच नाही. आणि मी महिनाभर या वाक्याला प्रधान समजून दोन गुणांसाठी माणिकपूर गाठलं. पोरीने मला गुरुवारीच विचारलं होतं.

बाबाही असंच म्हणाले होते. "मॅट्रिक पास झालीस तर बघू." मी पास झाले. त्यांनी बघितलं. स्थळ बघितलं.

बुधवार, १७ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. उपास. फादरनी कपाळावर लावलेली राख दिवसभर पुसली नाही.

नऊ दिवस यांच्याशी कामापुरतं बोलते आहे. मीठ द्या, पंप बंद करा, एवढंच. आज मिस्साला गुडघ्यावर बसून मातेकडे तक्रार करत होते. म्हटलं, बघ ना, माणूस वचन देतो आणि त्या वचनात काही ठेवतच नाही. टोपली झाकून देतो, आत रिकामी.

बोलता बोलता मला माझंच आठवलं. पहिल्या तारखेला मी मातेला काय म्हटलं होतं? मग मी बघते तुझ्यासाठी काय करायचं ते. वही उघडून पाहिली. तसंच लिहिलंय, माझ्याच अक्षरात.

फार ओशाळल्यासारखं झालं. ती काही शाळेत तक्रार करायला जायची नाही, म्हणून का असं बोलायचं?

फादर तीन वर्षं मला सांगतात, रविवारी वेदीवरून बायबलचं वाचन करा, तुमचं वाचन स्पष्ट आहे. मी दर वेळी नको म्हणते. सगळा गाव समोर बसलेला असतो. आज मिस्सा संपल्यावर त्यांच्याकडे जाऊन म्हटलं, सात मार्चचं पहिलं वाचन मी करीन. माझं तर-वाक्य पुरं झालं. त्यात कर्ता, कर्म, क्रियापद सगळं आहे.

यांच्यावरचा राग त्यामुळे कमी झाला असं नाही. उलट आता मला रागवायचा हक्क मिळाला.

रविवार, ७ मार्च

वाचन केलं. कुठे अडखळले नाही. खाली उतरताना पाहिलं तर टिफनी दुसऱ्या बाकावर, बोर्डाची परीक्षा तोंडावर असूनही आलेली. हे मागे खांबाशी उभे.

घरी येताना हे म्हणाले, "माईक नसता तरी चाललं असतं."

नाताळापासून यांनी पुरं केलेलं हे पहिलं वाक्य. दुपारच्या आमटीत चिंच कमी आणि गूळ जास्त पडला, तो काही चुकून पडला नव्हता.

हे हल्ली वालीवहून लवकर येतात. विहिरीच्या कठड्यावर नुसते बसून राहतात. विचारलं तर म्हणतात, ऑर्डर कमी आहेत. बसायचंच आहे तर मिरचीतलं गवत तरी काढावं. मी तसं सांगितलं. उठून काढलं.

सोमवार, १४ जून

निकाल लागला. मराठीला अठ्ठ्याहत्तर. दिनानाथ सरांनी शाळेच्या दारात टिफनीच्या हातात पेढा दिला आणि म्हणाले, "आईला सांग, ह्यातले दोन तिच्या वहीचे." पोर हसत घरी आली.

परीक्षा संपल्यावर मे महिन्यापासून ती वालीवला जाते आहे. शब्द दिलेला होता, तेव्हा सुट्टीपुरती जा म्हणून मी गप्प राहिले. तिच्या बोटांना निळ्या शाईचे डाग आहेत, ते लिंबानेही जात नाहीत. शाई पेनातलीच, पण लिहून लागलेली नाही. माझ्या डोळ्यांपुढून ते जात नाही.

कॉलेजचे फॉर्म उद्यापासून मिळणार. यांना सांगितलं. यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "बघू."

बुधवार, १६ जून

फॉर्म काल टिफनीने आणला. आधी तिला समोर बसवून विचारलं, जे मी फेब्रुवारीत विचारायला हवं होतं. "तुला जायचंय का? माझ्यासाठी नको, सत्तरसाठी नको."

ती म्हणाली, "जायचंय." एवढंच. कर्ता लपलेला, पण दिसत होता.

फॉर्मच्या तळाला 'पालकाची सही' अशी रेघ होती. पालक म्हणजे बापच असं कुठल्याही व्याकरणात नाही. मी तिथे सही केली. सालोमी फ्रेडरिक तुस्कानो, पूर्ण, काना-मात्रा-वेलांटीसकट.

आज हे चार वाजताच घरी आले. चहाबरोबर फॉर्म यांच्यापुढे ठेवला. लपवाछपवी आपल्याला जमत नाही. म्हटलं, "टिफनी उद्या फॉर्म देणार आहे."

"आणि मालकांना मी काय सांगू?"

"सांगा, बघू."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ओरडतील, मी त्याची तयारी ठेवली होती, चार महिन्यांची. हे ओरडले नाहीत. फॉर्मवरच्या माझ्या सहीवर बोट फिरवत राहिले. शाई वाळली की नाही बघावं तसं. मग म्हणाले, "अक्षर तुझं अजून तसंच आहे. तू तेव्हा ट्रेनिंगला गेली असतीस तर..."

आणि थांबले. अगदी त्या सरांसारखे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "तर काय? पुरं करा. या घरात आता अर्धं वाक्य चालणार नाही."

यांनी मान विहिरीकडे वळवली. मग अगदी हळू म्हणाले, "तर तू माझ्याशी लग्न केलं नसतंस."

मी म्हटलं, "काहीतरीच. कप उचला, फॉर्मवर डाग पडेल."

यांनी कप उचलला. जरा वेळाने म्हणाले, "उद्या मी तिला माणिकपूरला सोडतो. सायकलवर. तसाही उद्यापासून मला वालीवला सकाळचं जायचं नाही." का ते सांगितलं नाही, आणि मी लगेच विचारलंही नाही. उद्या विचारीन.

मघापासून वही घेऊन बसले आहे. यांच्या वाक्यात व्याकरणाचा दोष नाही. संकेतार्थी आहे, गौण वाक्य आहे, प्रधान वाक्य आहे, क्रियापद जागेवर आहे. मला संताप याचा येतो की सव्वीस वर्षं हा माणूस हे वाक्य मनात तयार ठेवून बसला होता, आणि मला केळी, पंप आणि मीठ एवढंच बोलला.

पहिल्या तारखेचं पान काढलं. माझं तिथलं वाक्य अजून तसंच लोंबकळतं आहे. बाबांनी त्या वर्षी मला ट्रेनिंग कॉलेजचा फॉर्म भरू दिला असता तर. पुढे जागा सोडलेली आहे. यांचं प्रधान वाक्य तिथे नेमकं बसतं, फक्त 'तू'चं 'मी' आणि 'माझ्याशी'चं 'यांच्याशी' करायचं. बसतं, पण तिथे उतरवून घ्यायला हात होईना. बरोबरची खूण करू की फुली मारू, तेही ठरेना. ती जागा तशीच ठेवली.

इथे मात्र आजचं वाक्य लिहिते. टिफनी उद्या फॉर्म देईल.

याला जर नाही, तर नाही. केवल वाक्य.